सहदेवचं प्लीज

"मास्तर, प्लीज म्हंजे काय वो?"

पाचाडच्या शाळेच्या दारात सहदेव उभा होता, खांद्यावर डोलीचा बांबू. नुकताच गड उतरून आला होता. पोरं घरी गेली होती आणि मी फळा पुसत होतो.

"कुठं ऐकलंत?"

"आज मुंबैची एक बाई वर नेली. मांडीवर तिचा कुत्रा, येवढासा. वारा लागला तसा भुंकाय लागला. बाई त्याला म्हनते, प्लीज, प्लीज. ग्वाड आवाजात. आमाला मात्र वरपावेतो एकच, 'ए, हळू.' म्हनून इचारतो."

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि इंग्रजी येतं याचा मला भारी तोरा होता. कोश काढून वाचून दाखवलं : कृपा करून, मेहेरबानीने.

"कृपा देव करतो," सहदेव म्हणाला. "कुत्रा कसली करतो?"

मी हसलो, पण अडलो. आजवर तो शब्द मी वापरला होता, त्याचा विचार कधी केला नव्हता. शेवटी म्हणालो, "समोरच्याला नाही म्हणायची मुभा आहे, हे मानून मागणं म्हणजे प्लीज. तो हुकूम नव्हे."

"म्हंजे कुत्र्याला नाय म्हनायची मुभा हाय."

"असं समजा."

"आन आमाला नाय."

यावर कोशात काही नव्हतं.

सहदेव हिरकणीवाडीचा. चाळिशी ओलांडलेला, डोंगरउताराची थोडी वरकस जमीन, तीत नाचणी. दिवाळीपासून होळीपर्यंत गड बघायला येणाऱ्यांची डोली वाहायची. चौघांची डोली, दोघे पुढे, दोघे मागे. पुढच्यांना वाट दिसते, मागच्यांना फक्त बसलेल्या माणसाची पाठ. म्हणून पुढचा ओरडतो, "धोंडा!" आणि मागचा म्हणतो, "हाय!" मागून 'हाय' आल्याशिवाय पुढच्याने पाऊल टाकायचं नाही, हा नियम. वीस वर्षं पुढून सहदेव आणि मागून चांगू, पाऊल कधी चुकलं नव्हतं. पाहुण्यांना न्यायला सरकारी परवान्याचा पितळी बिल्ला लागे. अडलेल्या बाळंतिणीला किंवा साप चावलेल्याला खाली आणायला मात्र तीच डोली, बिनबिल्ल्याची आणि फुकट.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. प्लीज आधी लावायचं की मागून? दोन्ही चालतं. बैलाला चालतं? चालायला हरकत नाही. बायकोला? त्याने घरी जाऊन करूनही पाहिलं. "प्लीज, भाकर वाढ," म्हणाला, तर ठकूबाईने त्याच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आवो, ताप भरलाय का?" पण दुसऱ्या दिवशी तिने चटणीवर तेल घातलं, हेही त्यानेच येऊन सांगितलं. शब्दात जोर आहे, असं त्याचं मत पडलं.

मार्गशीर्षात एक मोठे अधिकारी गड बघायला आले. गडाची माहिती सांगायला मला बरोबर घेतलं होतं. साहेब अंगाने भरदार, हातात वेताची छडी. अर्ध्या वाटेवर, एका आंब्याखाली, डोली टेकवायची रीत होती. टेकवली. चौघेही भात्यासारखे धापत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि छडीचं टोक सहदेवच्या खांद्याला लावलं. नेमकं बांबूने पडलेल्या घट्ट्यावर.

"ए, उचल. चल."

सहदेव उठला नाही. छडी त्याने हाताने हळूच बाजूला केली.

"साहेब, प्लीज म्हना."

साहेबांचा शिपाई ओरडला. चांगू कुजबुजला, "सहदेवा, पोटाचं बघ रे. उचल."

"बघतोच हाय. चांगू, कुत्र्याला म्हनत्यात ते आपल्याला म्हनाय काय जातंय? येक शबूद. म्हनले की आत्ता उचलतो, पार वर नेतो."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते माझ्याकडे वळले. "मास्तर, ही अक्कल तुम्ही शिकवलीत?"

आजही ते आठवलं की जेवण गोड लागत नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी म्हणालो, "नाही साहेब."

सहदेवने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि तेच वाईट. "मास्तरांनी नाय," तो म्हणाला. "माजे कान हायत की. वीस वरसं वाहतोय, येक शबूद तरी शिकीन का नाय?"

मग चांगूने बांबूवरचा हात काढला आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसला. मागोमाग उरलेले दोघेही. साहेब पायी चढले, पायी उतरले. तो शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. एवढा जड असेल, असं मला वाटलं नव्हतं.

आठ दिवसांनी साहेबांच्या कचेरीतला कारकून आला आणि सहदेवचा बिल्ला घेऊन गेला. जाताना म्हणाला, माफी माग, परत मिळेल.

"मागतो की," सहदेव म्हणाला. "साह्यबांना सांगा, आदी त्यांनी प्लीज म्हनावं."

कारकून गेला तो गेलाच. सहदेवने पुन्हा कधी पाहुणा वाहिला नाही. नाचणी केली, मोळ्या विकल्या, दोन हिवाळे अर्धपोटी काढले. ठकूबाई एका शब्दाने बोलली नाही. आजाऱ्याची डोली आली की मात्र पुढचा खांदा त्याचाच. माझी नोकरी कायम झाली. शाळेवरून जाताना तो मला रामराम करायचा, पण शब्दांचे अर्थ विचारायला परत कधी आला नाही.

पाच वर्षांनी, शिमग्याच्या आधी, चांगू शाळेत धावत आला. सहदेवच्या पोटात कळा उठल्या होत्या, रक्ताची उलटी झाली होती. पाचाडपर्यंत खाली आणायचं, तिथून गाडीने महाडला. वाडीतले तरणे सगळे मुंबईला. डोलीला तिघेच होते.

मी पोरांना सुट्टी दिली आणि चांगूबरोबर वर गेलो. अंगणात डोली ठेवली होती आणि सहदेव तीत बसला होता. मी पहिल्यांदाच त्याला तिच्यात बसलेला पाहत होतो. ठकूबाईने त्याच्या पाठीशी वाकळ लावली होती. मी सदरा काढून खांद्यावर घडी ठेवली आणि त्याच्या जागी, पुढे, उभा राहिलो.

सहदेवने डोळे उघडले. मला वाटलं, म्हणेल, मास्तर, तुमाला जमायचं नाय. त्याने ओठ ओले केले.

"मास्तर," तो म्हणाला, "प्लीज."

मला नाही म्हणायची मुभा होती. ती त्याने मला दिली होती, आंब्याखाली मी त्याला एकटं टाकलं होतं तरीही. मी बांबू खांद्याला घेतला. वजन फार नव्हतं, तरी पहिल्या उतारावरच बांबू खांद्यात रुतला. समोर वाटेत दगड होता. मागच्याला तो दिसत नाही.

"धोंडा!" मी ओरडलो.

"हाय!" मागून चांगू म्हणाला.

मी पाऊल टाकलं.