पी.पी. नंबर

सोनाजीने आपला मोबाइल काउंटरवर ठेवला आणि बोटाने भीमराजच्या पुढ्यात सरकवला.

"वाच," तो म्हणाला. "पण मोठ्यानं नको. मोठ्यानं एकदा वाचून झालंय."

भीमराज कुणाच्या तरी गोळ्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळत होता. ते तसंच ठेवून त्याने मोबाइल उचलला. इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर होता. पहिल्या दोन शब्दांतच त्याने तो ओळखला, कारण तो त्याने स्वतःच लिहिलेला होता. 'नमस्कार. ज्योती यांच्या फिटच्या गोळ्या संपत आल्या आहेत. आजच घेऊन जा. पंचशील मेडिकल, कुरुंदा.'

"ह्यो तुझ्याकडं कसा आला?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं.

"गोजरबाईनं माझाच नंबर देलेला हाय ना. पीपी."

दोन हजार आठ साल होतं. कुरुंद्यात अजून घरोघरी मोबाइल झाले नव्हते. ज्याच्याकडे नसे तो शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे 'पी.पी.' लिहायचा. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असे. फोन दुसऱ्याचा आहे, माणसाला फक्त बोलावून घ्या, बाकी काही बोलू नका. सोनाजीचं किराणा दुकान गोजरबाईच्या घराला लागून होतं, त्यामुळे अर्ध्या गल्लीचा पी.पी. तोच. फोन आला की तो गल्ल्यावरूनच हाक मारायचा, गोजरबाई पदराला हात पुसत यायची, आणि तिचं बोलणं होईपर्यंत सोनाजी साखरेच्या पोत्याकडे तोंड करून उभा राहायचा. ऐकू सगळंच यायचं, पण ऐकलं नाही असं दाखवायची रीत होती.

"काल तिच्याकडं हट्टा गावचे पाव्हणे आल्ते," सोनाजी म्हणाला. "तिच्या पोरीला, ज्योतीला, मागं पाहून गेल्ते, तेच. सुपारीची बोलणी व्हती. पोराचा बाप माझ्याकडं तंबाखू घ्यायला आला, अन् तवाच ह्ये वाजलं. मला कुठं इंग्रजी येतंय? मला वाटलं, त्यायच्या मागून येणाऱ्या माणसायचाच निरोप असंल. म्या त्याच्याच हातात देला."

"त्यानं वाचला?"

"दुकानात चार मानसं बसलेली. समद्यायनं ऐकलं." सोनाजीने मोबाइल खिशात टाकला. "चहा तसाच ठिवून उठले पाव्हणे."

तो चिडून बोलला असता तर भीमराजला सोसलं असतं. पण सोनाजी खाली मान घालून, आपल्याच हातून काही फुटल्यासारखा उभा होता. मग तो निघून गेला.

भीमराजने मागे वळून कॉम्प्युटरकडे पाहिलं. त्याच्यावर झाकायला प्रियदर्शनीने जुन्या साडीचं झालर लावलेलं कव्हर शिवून दिलं होतं. नवी नवरी घरात आल्यासारखं त्या डब्याचं कौतुक झालं होतं.

आणायला कारणही तसंच झालं. एसटीच्या थांब्यासमोर नवीन मेडिकल निघालं होतं. काचेचं दार, फ्रिज, दहा टक्के सूट. भीमराजची गिऱ्हाइकं त्याच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडायला लागली होती. अशात नांदेडहून एक टाय लावलेला माणूस आला आणि त्याने हिंदी-मराठीची खिचडी करून समजावलं, "सेठ, ज्याच्याकडं नंबर, त्याच्याकडं गिऱ्हाईक. मशीन बराबर याद ठेवतं, कुणाची गोळी कधी संपणार. तुम्ही झोपलात तरी मेसेज जाणार. समोरवाला बघत राहील." भीमराजला ते पटलं. त्या दिवसापासून तो प्रत्येकाला ऐटीत विचारू लागला, "नंबर सांगा."

त्या यंत्रात आजाराचाही एक रकाना होता. तो रिकामा सोडला तरी चाललं असतं. पण भीमराज पडला नेटका माणूस. एकाच घरात तीन जणांच्या गोळ्या असतात, लोकांचा घोटाळा व्हायला नको, म्हणून त्याने एकेकाचा आजार आठवून आठवून भरला. नंबरच्या रकान्यात मात्र दहा आकडेच बसत होते. गोजरबाईचा नंबर टाकताना त्याने पुढे पी.पी. टाकून पाहिलं, यंत्राने घेतलं नाही. मग त्याने ते सोडून दिलं. एवढीच गोष्ट.

आणि खरं सांगायचं तर भीमराजच्या दुकानात विकण्यासारखी एकच वस्तू अशी होती, जी समोरच्याकडे नव्हती. ती म्हणजे त्याचं बंद तोंड. क्षयाच्या, खरजेच्या, मूल होण्याच्या, न होण्याच्या, कसल्याही गोळ्या असोत, तो चिठ्ठी पाहायचा, गोळ्या कागदात गुंडाळायचा आणि "ऊन लई हाय" असलं काहीतरी बोलायचा. लांबलांबच्या बाया आपल्या गावचं दुकान सोडून त्याच्याकडे यायच्या त्या याचसाठी. कुणाला काय झालंय हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मात्र सांगावं लागलं.

"जाऊन माफी तरी मागा," प्रियदर्शनी म्हणाली.

"मेडिकलवाला दारात गेला की गल्ली पुन्हा भाईर येईल."

"अन् न जाऊन ती आत गेली का?"

भीमराजने मेसेज बंद करून टाकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गोजरबाईच्या गल्लीपर्यंत गेलाही. सोनाजीच्या दुकानात बसलेल्या माणसांनी बोलणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. त्याने एक काडेपेटी विकत घेतली आणि परत फिरला. आपण भित्रे आहोत हे त्याला घरी पोचेपर्यंत पुरतं कळलं होतं. लाज अशी वाटत होती की समोरून येणाऱ्याचा रामरामसुद्धा घेववेना.

त्याहून वाईट होतं ते पुढचं. ज्योतीच्या गोळ्या संपत आल्या होत्या, हे तर खरंच होतं. गोजरबाई एक दिवससुद्धा चुकायची नाही, आणि आता ती येत नव्हती. गोळ्या तुटल्या की फिट येणार, हे भीमराजला ठाऊक होतं. चुलीपाशी, विहिरीवर, कुठंही. आपल्यापायी लाजून माणसं दुकानात येत नाहीत आणि आपल्याच्याने त्यांच्या दारात जाववत नाही, हा विचार त्याची पाठ सोडेना.

बाजारच्या दिवशी दुकानात गर्दी होती. भीमराज पाठमोरा होऊन बाटली काढत असताना काउंटरवरून आवाज आला.

"मामा, माझ्या फिटच्या गोळ्या द्या."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ज्योती उभी होती. तोंड झाकलेलं नाही, ओढणी खांद्यावर नीट पिन केलेली, चेहरा धुतलेला. हातातली बाटली कुठे ठेवली ते भीमराजला कळलं नाही. त्याने गोळ्या काढल्या. हात आपसूक वर्तमानपत्राकडे गेले.

"कागद काहून?" ती म्हणाली. "आता कुनापून झाकायचं?"

"ज्योती, पोरी, माझ्या हातून..." त्याने गोळ्यांची पट्टी तिच्यापुढे सरकवली. "गोजरमावशी काय म्हणून राहिली?"

"आई वसमतला जाऊन आनते म्हणत व्हती. म्या म्हणलं, एवढ्यासाठी तकलीफ कशाला? मीच जाते." तिने पट्टी उचलली. मग आवाज खाली आला, फक्त त्याला ऐकू जाईल एवढा. "मी त्यायला सांगनार व्हते, मामा. सुपारीच्या आधी. आईला तसं म्हणलंबी व्हतं, लपवून लगीन करनार न्हाई. पन मी सांगनार व्हते. माझ्या तोंडानं."

भीमराजला वाटलं, तिने चार माणसांत तोंडावर शिव्या द्याव्यात. तिने पैसे ठेवले. उघडी पट्टी हातात घेऊन, कुणाला वाट द्यायला न सांगता, ती गर्दीतून बाजाराकडे निघून गेली. त्याने काढलेला कागद काउंटरवरच राहिला.

तिच्यामागे अंगणवाडीतल्या शकुंतलाबाई उभ्या होत्या. दर महिन्याला यायच्या, काही बोलायच्या नाहीत, नुसती चिठ्ठी पुढे करायच्या. आजही चिठ्ठी मुठीत होती. त्यांनी झालरीच्या कव्हरखालच्या कॉम्प्युटरकडे एकदा पाहिलं आणि मूठ हळूच पिशवीत घातली.

"डोकं दुखायची एक गोळी द्या, दादा," त्या म्हणाल्या.

"तुमची ती दरवेळची..."

"न्हाई न्हाई. त्याचं आता काई काम न्हाई." आणि त्याने विचारलेलं नसताना त्यांनी घाईने पुढे म्हटलं, "अन् नंबर न्हाई आमच्याकडं. फोनच न्हाई."

तेवढ्यात त्यांच्या पिशवीत मोबाइल वाजायला लागला.

शकुंतलाबाई समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. भीमराजनेही पिशवीकडे पाहिलं नाही. ज्योतीने सोडून दिलेला कागद त्याने पुढे ओढला, आणि मोबाइल वाजायचा थांबेपर्यंत तो ती एक गोळी त्यात गुंडाळत राहिला.