अप्पांची पायरी

माझा धाकटा दीर गिरीराज शहाण्णव साली मस्कतहून आला तो लाल सेलिका घेऊन. जपानी, दोन दारांची, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, आणि इतकी बुटकी की राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीतली पोरं तिच्याकडे वाकून न बघता सरळ वरून बघायची. गाडी येऊन चार महिने झाले तरी माझे सासरे खंडोजी, म्हणजे अप्पा, तिच्यात बसले नव्हते.

अप्पा चौतीस वर्षं सिटी बसमध्ये कंडक्टर होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "गाडीत माणूस चढतो. हिच्यात उतरावं लागतं, विहिरीत उतरल्यासारखं. मला बेडा." नको म्हणताना अप्पा कानडीवर यायचे.

गिरीराज दर रविवारी गाडी धुवायचा, डावीकडचं दार उघडून ठेवायचा आणि वाळू द्यायचा. दार वाळायला इतका वेळ लागत नाही, हे मला कळत होतं.

मग त्यानं गाडीला बाहेरून सजवायच्या बॉडी किटचं काढलं. स्वयंपाकघरात माझ्यासमोर कॅटलॉग पसरला. तो जपानी भाषेत होता, त्यामुळे आम्हा दोघांना सारखाच कळत होता.

"वैनी, तीन सेट आहेत. पुढचा बंपर, मागचा बंपर, बाजूची झालर, असं सगळं एकत्र घ्यायचं. एकातलं एक, दुसऱ्यातलं एक केलं तर शोभत नाही."

"तुला कुठला आवडतो?"

"पहिला." मग पानाकडे बघतच, "अप्पांना कुठला आवडेल?"

मी मेथी निवडत होते. ती बाजूला ठेवली. म्हटलं, "मला काय विचारतोस? त्यांनाच घेऊन चल."

गाडीत बसणार नाहीत म्हणून अप्पा आणि मी बसनं गेलो. गिरीराज एकटाच सेलिकेतून आला आणि आमच्यानंतर पोचला. जेसी रोडच्या मागच्या गल्लीत बसवंतचं फायबरचं वर्कशॉप होतं. बसवंत निपाणीकडचा. त्यानं कॅटलॉग बघून तिन्ही सेटचे कच्चे नमुने पातळ फायबरमध्ये ओतून ठेवले होते. ते एकेक करून चिकटपट्टीनं गाडीला लावून दाखवणार होता.

पहिल्या सेटला मागे भलामोठा पंख होता. अप्पा हात पाठीमागे बांधून फेरी मारून आले.

"हे मागं काय? सामान बांधायला?"

"हवा दाबायला, अप्पा."

"टायरात असते तेवढी पुरे."

दुसऱ्या सेटचा बंपर जमिनीपासून चार बोटं वर. अप्पांनी विचारलं, ही गाडी आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा उंचवटा ओलांडणार का. गिरीराज म्हणाला, तिरकी घातली तर ओलांडेल. "आणि माणसं?" अप्पांनी विचारलं. "ती पण तिरकी बसणार?"

तिसरा सेट मला सगळ्यांत वाईट वाटला. पुढून गाडी जबडा दुखत असल्यासारखी दिसत होती. बाजूची झालर मात्र हातभर रुंद, सपाट, दाराच्या खाली पार पुढपासून मागपर्यंत.

अप्पा तिच्यापाशी थांबले. चेहरा उजळला.

"आता बरोबर. पायरी दिलीय."

आणि कुणी काही बोलायच्या आत उजवा पाय तिच्यावर ठेवून चढले.

पापड मोडावा तसा आवाज झाला. झालरीचे दोन तुकडे पडले. अप्पा खाली आले, चप्पल नीट केली आणि भिंतीकडे बघत उभे राहिले.

"अज्जा, ती पायरी न्हवं," बसवंत हळूच म्हणाला. "ती शोभेची हाय."

"शोभेची पायरी," अप्पा म्हणाले. "सरी, बरं."

गिरीराजनं वाकून तुकडे उचलले. ते जोडून बघितले. मग बसवंतला म्हणाला, "हाच सेट. डावीकडं आतून लोखंडी पट्टी घाल. माणूस उभा राहील अशी."

"अण्णा, रेसची गाडी ही. वजनानं पळायची कमी होईल."

"किती?"

"स्वल्प."

"होऊ दे."

"आणि डावीकडंच घातली तर तिकडं कलंल."

"मग उजवीकडंही घाल."

पंधरा दिवसांनी गाडी घरी आली. आमच्या गल्लीत आजवर एवढी कुरूप गाडी आली नव्हती. अप्पांनी धोतर आवरलं, उजवा पाय पायरीवर ठेवला, मग डावा. थोडा वेळ तिथंच उभे राहून छपरावरून समोरच्या घराकडे बघितलं. समोरच्या गोजराबाई खिडकीत होत्या. त्यांनी पाहिलं याची खात्री झाल्यावर अप्पा वाकले आणि आत उतरले. गिरीराजनं दार इतक्या हळू लावलं की ते लागलंच नाही, पुन्हा लावावं लागलं.

दोघे आनेकलच्या वाटेनं बरेच लांब जाऊन आले. गाडी दारात थांबली, गिरीराज उतरून डाव्या बाजूला गेला, आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की चढायचं सगळं आम्ही बघितलं होतं, बाहेर कसं यायचं ते कुणीच बघितलं नव्हतं. सीट इतकी खाली की अप्पांचे गुडघे छातीशी आलेले. गिरीराजनं दोन्ही हात धरून ओढलं. अप्पा तसूभरही हलले नाहीत.

"राहू दे," ते म्हणाले. "घाई काय आहे?" मग मला, "सकवारबाई, चहा इथंच आण."

मी कपबशी खिडकीतून दिली. गिरीराज परत स्टिअरिंगमागे जाऊन बसला होता.

"मस्कतला," अप्पा बशीत चहा ओतत त्याला विचारत होते, "जेवायला कोण करून घालायचं रे तुला?"

मी त्याच्यासाठीही कप आणायला आत गेले.