दोन पावलं बाकी

शिट्टी आमदार झाला त्या दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही. शिट्टी म्हणजे आमच्या शाळेचा खेळाचा मास्तर. इतिहासही शिकवायचा, पण ते कुणाच्या लक्षात नाही. मी गणिताचा. पंधरा वर्षं शिक्षकखोलीत आम्ही शेजारी बसलो, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. त्याच्या मुली रिले धावायच्या आणि मी शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच धरून उभा. उन्हात दोघंही करपलो. पेपरात फोटो मात्र त्याचाच.

"अहो, तुम्हीसुद्धा उभं राहायचं होतंत," बायको म्हणाली. अंगाचा तिळपापड झाला. पंधरा वर्षं मी काय बसून होतो?

मुख्याध्यापिका बाईंनी त्याचा सत्कार ठरवला आणि भाषण माझ्या गळ्यात घातलं. मी आनंदाने हो म्हटलं. त्याला जमिनीवर आणायला पुरेल अशी एक गोष्ट माझ्यापाशी होती.

व्हरांड्यातल्या फळ्यावर अकरा वर्षांपासून रंगवलेलं आहे: मुलींची रिले, एकोणपन्नास पूर्णांक सहा सेकंद. जिल्ह्यात तो विक्रम कुणी मोडला नाही. शिट्टीचं नाव झालं ते त्यामुळेच. आणि तो विक्रम खोटा होता. आमच्याच मैदानावरची स्पर्धा, घड्याळ एकच, माझ्या हातातलं. शेवटच्या मुलीची दोन पावलं बाकी असताना माझ्या उतावळ्या अंगठ्याने बटण दाबलं. आकडा ऐकून मुली नाचायला लागल्या आणि मी मूग गिळून गप्प बसलो. आता सगळ्यांसमोर सांगणार होतो. माझी थोडी नाचक्की झाली असती, पण त्याची जास्त.

सत्काराला सभागृह खच्चून भरलं. आमदारसाहेबांना घाई म्हणून तोच आधी बोलायला उठला.

"प्रचारात मी तो रिलेचा विक्रम का सांगितला नाही, असं लोक विचारतात," तो म्हणाला. "कारण तो खरा नव्हता. दोन पावलं बाकी होती. मी 'दाब!' म्हणून ओरडलो आणि आमच्या गणिताच्या सरांनी बिचाऱ्यांनी दाबलं. चूक माझी. फळ्यावरचा आकडा आजच पुसा."

टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. मी खिशातला कागद चुरगाळला. तो मुळीच ओरडला नव्हता. माझी चूकसुद्धा त्याने उचलून नेली होती!

माझी पाळी आली. "हा खोटं बोलतोय," मी माईकमध्ये ओरडलो. "याने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता! अंगठा माझा होता. चूक माझी, एकट्या माझी!"

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बघा," त्या गहिवरून म्हणाल्या, "आमदारसाहेबांवर कसा जीव आहे! त्यांना बोल लागू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतायत."

"अहो, नाही, खरंच..." मी म्हणालो. पण शिट्टीने येऊन मला घट्ट मिठी मारली आणि कॅमेरे लखलखले.

दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला. त्याचा हसरा चेहरा आणि माझी पाठ.