यादीत नसलेला शब्द

त्या गुरुवारी सकाळी घरात नेहमीचीच कामं चालली होती. सोळा वर्षांच्या लेकीने आईला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी दिली, नळीतून पातळ अन्न सोडलं आणि डोक्यावर बसवलेली तारांची खुंटी सांभाळत तिचे केस विंचरले. मग स्वतःची वेणी कशीबशी घालून ती दप्तर शोधू लागली. एकोणीस वर्षांचा थोरला भाऊ तोवर कॉलेजला निघून गेला होता. त्याला कूस कशी बदलतात ते कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

आई बसवर कंडक्टर होती. तिचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत खणखणीत पोचायचा, आणि बिनतिकिटाने बसलेल्यांची तर गाळणच उडायची. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि तो आवाज गेला. हातपाय गेले, जीभ गेली, पापण्याही मनासारख्या मिटेनात. बुद्धी मात्र जशीच्या तशी राहिली. माझ्या मते हेच सगळ्यात क्रूर होतं.

एका संशोधन संस्थेने वर्षभरापूर्वी तिच्या मेंदूत केसाहून बारीक तारा बसवल्या होत्या; डोक्यावरची ती खुंटी त्यांचीच. तिने एखादा शब्द बोलायचा प्रयत्न केला, की तिथल्या पेशींची हालचाल तारांतून संगणकाकडे जायची आणि संगणक तो शब्द ओळखून पडद्यावर लिहायचा. त्याला पन्नासच शब्द शिकवले होते. त्यापलीकडचं काही आलं, की पडदा कोरा राहायचा. पेशींचे संकेत रोज थोडे बदलतात, म्हणून संस्थेतली अभियंता रोज सकाळी येऊन सगळ्या शब्दांची उजळणी घ्यायची. घरात तिला सगळे ‘मॅडम’ म्हणत.

पन्नास शब्दांची यादी घरच्यांकडूनच मागवली होती. बापाने आणि लेक शाळेत असताना आईकडे बघणाऱ्या आत्याने, म्हणजे त्याच्या बहिणीने, बसून ती केली. पाणी, थंडी, उकडतंय, कूस, दुखतंय, बरं वाटतंय, हो. ‘नको’ हा शब्द त्यात नव्हता. बापाने तो घालायला घेतला तेव्हा आत्या म्हणाली होती, “आजारी माणसाला नको म्हणायचंय कशाला? आपण वाईट का देणार आहोत काही?” मॅडमने यादी वाचली, शब्द मोजले, पन्नास भरले आणि ती कामाला लागली. इतकी शिकलेली बाई, पण तिच्याही ध्यानात आलं नाही.

त्या गुरुवारी आत्या खुर्ची ओढून खाटेपाशी बसली.

“आता माझ्याच्यानं होत नाही,” ती म्हणाली. “गुडघे धरलेत माझे. पोरीची शाळा पुरे करू. आईची सेवा लेकीनंच करायची असते.”

“थोरला?” बापाने हळूच विचारलं.

“त्याचं कॉलेज आहे ना. पुरुषाला जमतं का हे? आणि आपण कुणावर लादत नाही. हिलाच विचार की.”

बाप पडद्याकडे बघत म्हणाला, “पोरीला घरी ठेवतो. तुझी हरकत नाही ना?”

पडदा कोरा राहिला. सगळे थांबले. तरीही तो कोराच.

“बघ, काही बोलली नाही,” आत्या म्हणाली. “न बोलणं म्हणजे होकारच.”

कोपऱ्यात बसलेल्या मॅडमच्या संगणकावर रेघा उसळत होत्या. तिने त्या पाहिल्या, आणि घरच्या भानगडीत आपण कशाला पडा, असं म्हणून मान खाली घातली. दारात उभ्या लेकीने दप्तर खुंटीला परत अडकवलं. ती रडली नाही. आईलाच आपण घरी हवे आहोत, असं तिला वाटलं.

शुक्रवारी उजाडल्यापासून पडद्यावर एकच शब्द येऊ लागला. दुखतंय. आत्याने गोळी कुटून नळीतून दिली. दुखतंय. दुसरी गोळी दिली. दुखतंय, दुखतंय, दुखतंय. नकाराच्या जवळचा तेवढाच शब्द त्या बाईपाशी होता, आणि तिने तो जीव तोडून वापरला. बापाला ते बघवेना. त्याने डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी इंजेक्शन दिलं आणि आई झोपली. ती झोपेत असतानाच शनिवारी बापाने शाळा सोडल्याचा दाखला आणला.

सोमवारी मॅडम आली ती डोळे सुजवून. दोन रात्री जागून ती गुरुवारच्या रेघा बघत होती. त्या प्रश्नानंतर एकच आकार एक्केचाळीस वेळा उमटला होता, आणि तो पन्नासांपैकी एकाही शब्दाचा नव्हता. ती आईसमोर बसली आणि वर्षभरात न विचारलेलं तिने विचारलं. “तुम्हाला आणखी एखादा शब्द हवाय का?”

हो.

“यादी घरच्यांनी ठरवलीय,” आत्या म्हणाली. “माझ्या भावाची सही लागेल.”

“परवानगी ह्यांची लागते,” मॅडम आईकडे बघत म्हणाली. “आत्ताच दिली त्यांनी.”

मॅडमने एकेक नवा शब्द दाखवला आणि आई तो म्हणायचा प्रयत्न करू लागली. ‘राग’ दाखवला, जुळला नाही. ‘नको’ दाखवला आणि रेघ तंतोतंत गुरुवारसारखी उसळली. मग आईने तो साठ वेळा तसाच म्हटला. दमली, घामाने भिजली, पण थांबली नाही. दुपारी बारापर्यंत संगणक तो शिकला.

लेक पुढे आली. “आई, मी शाळा सोडू?”

नको.

“मला वाटलं, तुला मी इथे हवी आहे.”

नको. नको.

तेव्हा कुठे पोर रडली.

“दाखला निघालाय आता,” बाप खाली बघत म्हणाला.

“सेवा कोण करणार मग?” आत्याने विचारलं.

पोरीने डोळे पुसले, कपाटातून दाखला काढला आणि खुंटीवरचं दप्तर घेतलं. “परत घेतात का, विचारून येते. बाबा, एक वाजता कूस बदलायची. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. ओढायचं नाही, वळवायचं.” आणि ती गेली.

एक वाजता बापाने दोन वर्षांत पहिल्यांदा बायकोच्या पाठीखाली हात घातले. ओढू नको म्हटलं होतं, तरी ओढलंच. पडद्यावर आलं, दुखतंय. आत्या सवयीने गोळीकडे वळली.

“गोळी नको,” बाप म्हणाला. “माझंच चुकलं.” त्याने हात काढले आणि नीट पुन्हा घातले.

शाळेने मुलीला परत घेतलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. त्या दिवशी मुख्याध्यापिका फक्त “बघू” म्हणाल्या. मॅडमने मात्र संस्थेच्या नियमांत एक ओळ घालून घेतली: यादी रोग्याने करायची, आणि पहिला शब्द ‘नको’. आपल्या घरातल्या बायकांना अशी यादी आपण न लिहिताच देत असतो. आज घरी गेलात की बघा, त्यात तो शब्द आहे का.