शिवेच्या दगडापासून वीस इंच

"जिल्ह्यातली इंचभर जमीन अशी दाखवा, जिचा नकाशा माझ्याकडं न्हाय. मिशी उतरवून ठेवतो!" गणपतरावांनी आक्काताईला ऐकवलं.

गणपतराव मोजणी खात्यातनं शहाण्णव साली निवृत्त झाले. निरोपाला नारळ मिळाला, शाल मिळाली, आणि कुणाला न विचारता चार ट्रंका भरून जुने नकाशे त्यांनी आपले आपण मिळवले. खात्यात ठेवले तर वाळवी खाणार, त्यापेक्षा आपल्या घरी बरे, असा विचार. वाळवीनंही शब्द पाळला. मागं राहिलेलं सगळं खाल्लं.

त्यामुळंच आक्काताई शिरोळकडच्या गावातनं कोल्हापूरला त्यांच्या दारात आली होती. बौद्ध वस्तीचं स्मशान शेजारच्या ऊसवाल्यानं, गुंडूतात्यानं, वर्षाला चार सऱ्या करत गिळलं होतं. तिचे सासरे आण्णा अंथरुणाला खिळलेले. त्यांचा एकच धोसरा, "माझ्या बाला जाळला तितंच मला जाळा. रस्त्याकडंला नेलासा तर उठून बसंन." तहसीलदार म्हणाले, जुना पुरावा आणा, दसऱ्यानंतर मोजणी लावतो.

"एक न्हाय, दोन पुरावं देतो," गणपतराव म्हणाले. "संस्थानानं ती जागा दिली तवा पेपरात छापून आलतं. सदतीस साली. मापासकट!"

दोघं ग्रंथालयात गेली. पिवळ्या फाइलीतलं पान सापडलं. बातमीच्या जागी चौकोनी भोक.

"कुठल्या मुडद्यानं कापलंय बघा," ग्रंथपाल पेटला. "असल्यांचं हात तोडाय पायजेत!"

गणपतरावांनी दोन्ही हात खिशात घातले. विशीत असताना त्या पानाच्या मागच्या बाजूची कुस्तीची बातमी त्यांनीच ब्लेडनं कापून नेली होती. वडिलांच्या कुस्तीची. वडील हरले होते, पण नाव छापून आलं होतं.

घरी कात्रण वहीत खळीनं डकवलेलं होतं. चहाच्या भांड्यावर वाफ देऊन सोडवलं. वडील अखंड निघाले. मागची बातमी वहीलाच चिकटून राहिली. "वस्तीस स्मशानाकरिता ओढ्यालगत" एवढंच वाचता आलं. माप खळीत गेलं.

"आता वो?" आक्काताईनं विचारलं.

"नकाशा हाय की! त्येला काय धाड भरलीया? शिवेच्या दगडापासनं वीस इंच. मला पाठ हाय."

नकाशा कापडावर काढलेला, खात्याच्या शिक्क्याचा. गणपतरावांनी तो ट्रंकेतनं काढून कॉटवर पसरला आणि पान खायला कोपऱ्यावर गेले. नेमके घट बसायला दोन दिवस उरलेले. त्या दिवसांत कोल्हापुरात, घरात कापड म्हणून जे जे असेल ते धुवायला पंचगंगेवर जातंच. गोधड्या, पडदे, रेडिओवरचा रुमालसुद्धा. त्यांच्या बायकोनं, धोंडुबाईंनी, गठळं बांधलं, रिक्षात घातलं आणि नदीवर नेऊन बडवलं.

"अगं, सरकारी नकाशा त्यो!" संध्याकाळी गणपतराव किंचाळले.

"मळ बघितलासा का त्येचा? सरकार असू दे न्हायतर कोन. घटाला पारोसं कापड घरात चालत न्हाय."

पण शाई पक्की निघाली. शिक्का जरा पसरला, रेघा शाबूत. गणपतरावांनी इस्त्री मारून घेतली आणि मिशीला पीळ दिला.

मोजणीच्या दिवशी अख्खी वस्ती ओढ्याकडं तोंड करून उभी होती. शिक्का बघून मोजणीदारानं नकाशा कुठनं आला ते विचारलं नाही, सरळ पट्टी ठेवली. "शिवेचा दगड ते स्मशान, अठरा इंच. इंचाला दोनशे फूट."

गणपतरावांनी वाकून पट्टी बघितली. अठरा? कापड आटलं होतं.

फीत निघाली. उसापर्यंत पोचलीच नाही. वस्तीत शिरली आणि आक्काताईच्या अंगणात खांबाला टेकून थांबली. खुंटी ठोकली.

"मापाला माप हाय!" गुंडूतात्यानं टाळी वाजवली.

"ओ गणपतराव, बोला की!" आक्काताई ओरडली. "माझ्या दारात स्मशान व्हय?"

गणपतरावांनी तोंड उघडलं. धुतला म्हणावं, तर नकाशा बाद आणि जागा कुठंच नाही. शिवाय तो घरी कसा आला ते निघणार, पाठोपाठ पेन्शन जाणार. "कापडाचा जरा..." ते पुटपुटले.

"म्हंजे नकाशा खोटा?" मोजणीदारानं पेन उचललं.

"न्हाय न्हाय. नकाशा खराय." आणि त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. आक्काताईकडं बघायचं त्यांनी टाळलं.

चौथ्या दिवशी आण्णा गेले. गुंडूतात्या माणसं घेऊन उसाच्या तोंडाशी उभा राहिला. हवालदारानं कागद वाचला आणि म्हणाला, "बाई, कायद्यानं तुमचं स्मशान तुमच्या अंगणात हाय. तिकडं नेलासा तर गुन्हा हुईल."

तेव्हा अंगणातच सरण रचलं. त्रिशरण म्हणून अग्नी दिला. गणपतराव कोल्हापूरहून हार घेऊन आले होते, ते कुणी घेतला नाही म्हणून हातातच धरून उभे राहिले.

दुपारी वारा सुटला. ठिणगी आक्काताईच्या उसाच्या पाचटाच्या छपरावर पडली. घर जळालं, आणि शेजारची दोन.