पाटावरची आकडी

आमच्या घरातली माणसं देवाला घाबरतात की एकमेकांना, हे लग्नाला चार वर्षं झाली तरी मला कळलेलं नव्हतं. छप्पन सालच्या खंडेनवमीला ते कळलं, आणि तेही मोटारीच्या दारात हात अडकल्यावर.

मोटार भय्यासाहेबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. एका सरदारांच्या गॅरेजवर त्यांची उभी हयात गेली. जहागिऱ्या गेल्या, गॅरेज मोडलं, आणि सरदारांनी निरोप देताना ही काळी अमेरिकन गाडी त्यांना देऊन टाकली. माधव नगरच्या आमच्या घरात माणसांना खोल्या पुरत नव्हत्या, पण तिला अंगणात स्वतंत्र पत्र्याची शेड होती. तिची मागची दारं उलटी उघडायची. बिजागरी मागे, कडी पुढे. चालत्या गाडीत कडी सुटली तर वाऱ्यानं दार फाडकन उघडणार. डाव्या दाराच्या कडीची स्प्रिंग श्रावणात तुटली आणि तेव्हापासून ते दार सुतळीनं बांधलेलं होतं.

दसऱ्याला गाडी शिलंगणाला न्यायचीच, आणि सुतळी बांधून न्यायची नाही, असा भय्यासाहेबांचा हुकूम. नवी स्प्रिंग मात्र इंदूरहून आली ती नवमीच्या दुपारी. तोवर ओसरीवर हत्यारांची पूजा मांडून झाली होती. पाटावर नट पिळायचे पाने, पेचकस, हातोडी, पकड, आणि मधोमध भय्यासाहेबांची आकडी. जाड पोलादी तारेची, टोकाला वळवलेली, वर आडवी लाकडी मूठ. स्प्रिंगचं टोक पकडून ओढायचं आणि खुंटीवर बसवायचं, ते या आकडीनंच. दुसऱ्या कशानं हे काम होत नाही, असं भय्यासाहेबच सांगत. आणि पाटावर मांडलेल्या हत्याराला शिलंगणाला निघेपर्यंत हात लावायचा नाही, हेही तेच सांगत.

हे नुसतं सोवळं असतं तर मी भांडले असते. पण माझे थोरले दीर, सुहास, यांनी अठ्ठेचाळीस सालच्या नवमीला पाटावरचा पाना उचलला होता. सरदारांच्या गाडीचं चाक ढिलं झालं होतं, ते घट्ट करायला. दिवाळीच्या आत देवासच्या रस्त्यावर त्यांची गाडी झाडावर गेली. अहल्यावहिनींच्या कपाळावरचं कुंकू गेलं, आणि तेव्हापासून घरात सुहास हे नावही कुणी काढत नसे. त्या स्वयंपाकघरात असत. बोलत फार कमी.

आता माझं. माझा सगळा जीव तेव्हा बोटांत होता. पंधरा दिवसांत मध्यभारत संपून नवं राज्य होणार होतं, राजधानी भोपाळ. माझे यजमान श्रीपाद ज्या खात्यात कारकून, ते खातं कुठे जाणार याचा कुणालाच पत्ता नव्हता. म्हणून मी टायपिंग शिकले होते. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी कोठीवर, म्हणजे सरकारी कचेरीत, टायपिस्टांची परीक्षा होती. मी पाटावर, पोळपाटावर, झोपेत श्रीपादांच्या पाठीवरसुद्धा बोटं चालवत होते.

"सांडशीनं होईल," श्रीपाद म्हणाले. चुलीवरचं पातेलं उतरवायची सांडशी त्यांनी हातात घेतली होती. "बिलकुल होईल. मी वरून ओढतो, तू खालून टोक खुंटीवर सरकव. तुझा हात बारीक आहे."

मी भोळ्यासारखी तयार झाले. दाराचं आतलं अस्तर आधीच काढलेलं होतं. लोखंडात दोन भोकं. वरच्यातून श्रीपादांची सांडशी, खालच्यातून माझा उजवा हात, मनगटाच्या वरपर्यंत. हिरव्या बांगड्या कोपराकडे सारून मी आत चाचपत होते. खुंटी बोटाला लागली. "ओढा," मी म्हटलं. त्यांनी ओढलं. स्प्रिंग ताणली गेली, अजून ताणली गेली, आणि सांडशी निसटली.

खाड्कन आवाज झाला. कडीचा लोखंडी दांडा माझ्या दोन बोटांवर आला आणि तिथेच राहिला. स्प्रिंगचं वरचं टोक भलत्याच कडेत अडकलं होतं आणि तिचा सगळा जोर आता माझ्या बोटांवर होता.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. श्रीपाद मात्र ओरडले. त्यांनी सांडशी पुन्हा घातली, स्प्रिंग चिमटीत धरून ओढली, ती पुन्हा निसटली, आणि दांडा पुन्हा आदळला. मग त्यांनी गोड्या तेलाची वाटी आणून भोकातून ओतली, बोटं सटकतील म्हणून. बोटं काही सटकली नाहीत. आता सांडशीही बुळबुळीत झाली.

"आत बघा," मी म्हटलं, "रंग कसा आहे ते सांगा."

ते वाकले. बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"अहो, आकडी आणा."

त्यांनी ओसरीकडे पाहिलं. भय्यासाहेब पाटाशेजारी बसले होते, दोन्ही हात मांडीवर, नजर आकडीवर.

"थोडा सब्र कर कुसुम. मी टावर चौकातून मिस्त्रीला घेऊन येतो. सायकलवर जातो आणि येतो."

"आज कुठला मिस्त्री? सगळ्यांची हत्यारं पाटावर आहेत. अन् तो येईपर्यंत बोटं राहतील का माझी?"

"दादाचं काय झालं, माहीत आहे ना तुला? तुलाच काही झालं तर?"

"होतंय ना! तुमच्या समोर होतंय!"

मला त्यांचा इतका राग आला की क्षणभर दुखणं मागे पडलं. ते भित्रे होते म्हणून नाही. माझ्यासाठीच घाबरले होते, आणि त्या घाबरण्यापायी माझी बोटं जाणार होती. मला ते कळत होतं, तरीही मोकळ्या हातानं त्यांना ढकलून द्यावंसं वाटत होतं. अशा माणसाचा धड राग करता येत नाही. ते तेलानं माखलेले हात धोतराला पुसत नुसते उभे होते.

बोटांतली कळ हळूहळू कमी व्हायला लागली. आधी मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की बोटंच कळेनाशी झाली आहेत. मनातल्या मनात मी त्या दोन बोटांची अक्षरं दाबून पाहिली. काहीच हललं नाही.

"भय्यासाहेब!" सासऱ्यांना मी असा आवाज चढवून कधी हाक मारली नव्हती. "आकडी द्या. माझा हात जातोय."

त्यांनी मान वर केली नाही. "सूनबाई, उद्या दुपारपर्यंत..." एवढं म्हणून ते थांबले. आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. पण उठले मात्र नाहीत. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

तेवढ्यात अहल्यावहिनी बाहेर आल्या. हात पिठाचे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, श्रीपादांच्या हातातल्या सांडशीकडे पाहिलं, आणि सरळ पाटाकडे निघाल्या.

"भाभी, नको!" श्रीपाद ओरडले.

"मी उचलते," त्या म्हणाल्या. "माझं आता काय जायचं राहिलंय?"

डोळ्यांत पाणी नाही, आवाजात कंप नाही. भाजीत मीठ घालायचं राहिलंय असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. त्या पाटापाशी वाकल्या. आकडीवरच्या झेंडूच्या फुलाला त्यांचा हात लागला, आणि भय्यासाहेबांनी त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी सुनेच्या हाताला कधी स्पर्श केला नसेल.

"नाही पोरी," ते म्हणाले. "तू नाही. तू पुष्कळ दिलंस."

वहिनींनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. "मग कोण देणार? कुणी तरी द्या ना! तिचा हात आहे तो!"

भय्यासाहेबांनी त्यांना बाजूला केलं. पाटासमोर गुडघे टेकले आणि हात जोडले. हे मात्र ते मोठ्यानं बोलले, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आई, उचलणारा मी आहे. यांच्यातलं कुणी नाही. जे काय असेल ते माझ्याकडे पाठव."

त्यांनी आकडी उचलली. फूल खाली पडलं.

अंगण ओलांडून ते दारापाशी आले. त्यांनी ती वरच्या भोकातून आत सोडली, डोळे मिटले आणि आत चाचपू लागले. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत राहिला. एकदा आकडी लागली आणि सुटली. मी दात आवळून घेतले.

"कुसुम, श्वास सोड," भय्यासाहेब म्हणाले. "मी ओढतो आणि 'आता' म्हणतो. त्याआधी हात हलवू नकोस."

आकडी पुन्हा लागली. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. दांडा केसभर उचलला गेला, मग अजून थोडा.

"आता!"

मी हात बाहेर काढला. दोन बोटं काळीनिळी, एकाचं नख उलटलेलं. मी ती डोळ्यांसमोर धरली आणि वाकवायला गेले. मधलं लगेच वाकलं. दुसरं वाकेना. मग तेही वाकलं, आणि कळ अशी आली की मी मटकन खाली बसले आणि लहान मुलीसारखी मोठ्यानं रडले. वहिनींनी पिठाच्या हातांनीच मला जवळ घेतलं.

भय्यासाहेब मात्र दारापाशीच होते. "उचललीच आहे, तर काम पुरं होऊ दे," ते म्हणाले, आणि त्यांनी स्प्रिंग खुंटीवर बसवली.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी मी बोटांना पट्टी बांधून कोठीवर परीक्षेला बसले आणि पास झाले, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. मला सांगायचं आहे ते दसऱ्याचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीला हार घातला. श्रीपाद स्टिअरिंगवर बसले. रात्रभर मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. मी मागे बसले, डाव्या दाराशी. आणि भय्यासाहेबांनी अहल्यावहिनींना हाक मारून माझ्या शेजारी बसायला सांगितलं. सुहासदादा गेल्यापासून त्या कुठल्याच गाडीत बसल्या नव्हत्या. त्या पदर सावरून, अंग चोरून बसल्या.

"भय्यासाहेब, या ना," श्रीपाद म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे. मी पायी येतो."

"एवढ्या लांब? पायी?"

"मी गाडीत नको," भय्यासाहेब म्हणाले, आणि काठी टेकत फाटकाकडे चालू लागले.

आम्हा तिघांनाही कळलं. जे यायचं ते त्यांना एकट्याला गाठू दे, आम्ही आसपास नको. श्रीपादांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. वहिनी समोर बघत राहिल्या. मला रडू आलं आणि संतापही आला. देवीचा, त्या पाटाचा, या घरातल्या सगळ्या न बोलण्याचा.

मी डाव्या हातानं कडी फिरवली, खाली उतरले आणि दार लोटलं. एकदाच टक् असा आवाज झाला आणि दार बसलं.

मी भरभर चालत त्यांना गाठलं. ते चिडले. "गाडीत बस जा. माझ्याबरोबर नको येऊस."

"आकडी माझ्या बोटांसाठी उचललीत ना? मग निम्मं माझं."

"वेडी आहेस का पोरी?"

"असेन."

मागे पुन्हा तेच दार उघडल्याचा आवाज आला, आणि पुन्हा तसंच टक्. आम्ही दोघांनी वळून पाहिलं. अहल्यावहिनी पदर खोचून आमच्याकडे येत होत्या. त्यांच्यामागून श्रीपाद रिकामी गाडी अगदी आमच्या चालीनं आणत होते. पुढे जायचं नाव घेत नव्हते.

भय्यासाहेब थांबले. मग त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले आणि वहिनींना विचारलं, "दार नीट बसलं ना गं?"

"बसलं," वहिनी म्हणाल्या.