डोमाजींची जर्मन पायवाट

डोमाजींनी सारी नोकरी परतवाडा ते चिखलदरा घाटात एसटी चालवण्यात काढली, पण तो घाट ते एकदाही पायी चढले नव्हते. गाडी असताना चालायचं कशाला, असा त्यांचा साधा सवाल असे. त्यामुळे जर्मनीत नोकरीला असलेल्या लेकीने, नीलमने, "रविवारी आपण एका खोऱ्यात दिवसभर चालायला जाऊ," असं म्हटलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला तो गाडीचाच.

"अन् गाडी कोठी उभी राहीन?"

"गाडी नाही बाबा. चालतच जायचं अन् चालतच यायचं."

"पण काम काय हाये तिकडं?"

"काम काहीच नाही. नदी हाये, जुनी चर्चं हायेत, जुने जमीनदारांचे वाडे हायेत. पाहत पाहत जायचं."

डोमाजींनी बायकोकडे पाहिलं. इंदूबाई केव्हाच बुटांच्या नाड्या बांधायला बसल्या होत्या. बार्शीटाकळी तालुक्यात त्या नर्स होत्या. लसींचा डबा खांद्याला अडकवून गावोगाव पायी फिरण्यात त्यांचं तारुण्य गेलं होतं. चालायचं म्हटलं की आजही त्यांच्या अंगात पोरीसारखी हुशारी येई.

दोघांचा हा पहिलाच परदेश. नीलम अकोल्याच्या कृषी विद्यापीठात माती शिकली आणि मातीचंच काम करायला इकडे आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अमरावतीहून निघताना डोमाजींनी मनात एक गोष्ट बांधून आणली होती. अकोल्याला विद्यापीठात जागा निघणार, असं पुतण्या धर्मेंद्रने सांगितलं होतं. नीलमला म्हणायचं, बाई, झालं तेवढं पुरे, आता घरी चल. पण येऊन दोन आठवडे झाले तरी त्यांना तोंड उघडायला नीट जागा सापडली नव्हती. खोऱ्यात सापडेल, असं त्यांना वाटलं.

आगगाडीतून उतरले ते एका इवल्याशा स्टेशनावर. तिथून पायवाट नदीकाठाने निघाली. नदी म्हणजे आपल्याकडचा मोठा नाला, पण पाणी असं की तळातले गोटे दिसावेत. दोन्ही अंगांना चढावर शेतं होती आणि त्यांत करडई फुलावी तसं पिवळंधमक काहीतरी पसरलेलं. तेलासाठी लावतात, मोहरीच्याच जातीचं, नीलमने सांगितलं. झाडांच्या खोडांवर लाल पट्टा ओढलेला होता. तो पट्टा पाहत चालायचं, की वाट चुकत नाही.

"कोणी ओढला हा पट्टा?" डोमाजींनी विचारलं.

"गावातलेच लोक ओढतात. रंग गेला का पुन्हा मारतात."

"पगार?"

"पगार कायचा बाबा, हौशीनं."

डोमाजींना हे मनापासून आवडलं, पण तसं ते बोलले नाहीत. इंदूबाई पुढे, नीलम मध्ये आणि आपण मागे धापा टाकत, ही वरात मात्र त्यांना अजिबात आवडली नव्हती.

पहिल्या गावात चर्च होतं. काळ्या दगडी पाट्यांचं छप्पर, भोवती कबरस्तान, आणि कबरींवर घरच्या अंगणात लावावीत तशी फुलझाडं. त्यांना पाणी घालायला हिरव्या झाऱ्या एका दांडीला ओळीने टांगलेल्या. दार उघडंच होतं, आत चिटपाखरू नव्हतं. लाकडी छतावर निळं आभाळ रंगवलेलं, ढग आणि गुबगुबीत पोरांसकट. खाली साधी बाकडी. आणि एका बाजूला, वर, नक्षीच्या खिडक्यांचा एक बंदिस्त सज्जा.

"हा कायचा?"

"जमीनदाराच्या घरचे तिथं बसत. त्यांचं दार वेगळं, जिना वेगळा. गावातले लोक खाली बाकांवर."

डोमाजींनी मान वर करून त्या खिडक्या पाहिल्या. "म्हंजे वरचे-खालचे इथंबी होतेच," ते म्हणाले. इंदूबाई मात्र सरळ जिना चढून त्या सज्ज्यात गेल्या, खिडकी उघडली आणि तिथून हात हलवला. "बाप्पा, इथून तं सारं चांगलं दिसते! या ना वर!" नीलम खो खो हसत सुटली. लेक इतकी मोकळी हसलेली डोमाजींनी फोनवर कधी ऐकली नव्हती.

चर्चनंतर वाट जंगलात शिरली. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. एका उतारावर नीलम मागे वळून बापाला म्हणाली, "बाबा, मुळावर पाय देऊ नका, निसरडं हाये," आणि तिचाच पाय मुळावरून सटकला.

आवाज ऐकताच इंदूबाईंची चाल बदलली. आईची चाल गेली, नर्सची आली. बूट काढला, घोटा चाचपला, बोटं हलवून पाहायला लावली. "हाड साबूत हाये वाटते. पण टेकू नको बिलकूल." त्यांनी गळ्यातली ओढणी काढली आणि पाय आवळून बांधला. नीलमने फोन पाहिला तर त्या खोलगटात रेंजच नव्हती.

झाडांच्या पलीकडे एक उंच लाल कौलारू छप्पर दिसत होतं. "तो वाडा हाये," नीलम दात आवळून म्हणाली. "कोणी ना कोणी असंन. पण तुमाले भाषा..."

"मी जातो," डोमाजी म्हणाले. "मदतीले काय म्हणतात?"

"हिल्फे. अन् पायाले फूस."

"हिल्फे, फूस. हिल्फे, फूस." डोमाजी पाठ करत निघाले. दमले होते हे ते विसरूनच गेले.

वाडा चांगला मोठा होता. पिवळ्या भिंती, फाटकाशी दोन जुनी झाडं, पुढे फरसबंद अंगण. फाटक नुसतं लोटलेलं होतं. डोमाजी फाटकाशी पोचले आणि थांबले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती आणि रस्त्यावरूनच हाक दिली होती, "ओ माय!" हे सगळं त्यांनी ठरवून केलं नव्हतं. त्यांचे वडील बुधाजी देशमुखांच्या वाड्यावर जळतणाची मोळी घेऊन जात, तेव्हा असेच बाहेर उभे राहत, अशीच हाक देत. लहानगा डोमाजी त्यांच्या बोटाला असे. आतून कोणी येईपर्यंत उन्हातच थांबायचं. फाटकाला हात लावायचा नाही.

टोपीकडे पाहून डोमाजींना स्वतःचाच राग आला. साठी उलटली, सरकारी गाडीचं स्टिअरिंग आयुष्यभर हातात धरलं, पोरीला शिकवून साता समुद्रापलीकडे पाठवलं, आणि हात अजून तिथेच? त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, फाटक ढकललं आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

गोठ्याकडून रबरी बूट घातलेली एक म्हातारी आली. हातात बादली होती. कामवाली असेल, असं डोमाजींना वाटलं. बोलायला गेले तर 'हिल्फे' कुठे पळून गेलं कोण जाणे. "फूस!" ते म्हणाले. म्हातारीने त्यांच्या पायांकडे पाहिलं. "नाई, माहा नाही! पोरीचा! फूस, पोरगी, तिकडं!" असं म्हणत त्यांनी घसरून पडण्याचा सगळा प्रकार फरशीवर करून दाखवला. म्हातारीने बादली खाली ठेवली, काहीतरी म्हणाली आणि कोठारातून एक जुनाट ट्रॅक्टर बाहेर काढला. मागे ट्रॉली होती. शेजारची जागा तिने थोपटून दाखवली.

डोमाजी बसले. त्या जंगलवाटेवर म्हातारीने असा काही ट्रॅक्टर पिटाळला, की नसलेला ब्रेक दाबून दाबून त्यांचा उजवा पाय दुखायला लागला. एका वळणावर त्यांनी डोळेच मिटले. घाटात त्यांच्या गाडीत बसलेल्या प्रवाशांचं काय होत असेल, हे त्यांना आज कळलं.

नीलमला ट्रॉलीत गवतावर बसवून सगळे वाड्यावर आले. म्हातारीचं नाव गेर्लिंडे. स्वयंपाकघरात तिने नीलमचा पाय स्टुलावर ठेवून बर्फाची पिशवी लावली, इंदूबाईंनी बांधलेल्या पट्टीकडे पाहून मान डोलावली, आणि कॉफी व आंबटगोड केक पुढे ठेवला. डोमाजींनी लेकीला विचारलं, "मालक कोठी हायेत म्हणा. त्याईले सांगून बसलेलं बरं."

नीलमने विचारलं. म्हातारी हसली आणि बोलतच सुटली.

"बाबा, मालकीण याच हायेत," नीलम सांगू लागली. "यांची आई इथं गाई दोहायची, जमीनदाराच्या काळात. दुसरी मोठी लढाई सरली, जमीनदार पळाला, सरकारनं वाडा ताब्यात घेतला. खोल्याखोल्यांत निराश्रित भरले, खाली धान्याचं कोठार केलं. यांचा जन्म त्या कोपऱ्यातल्या खोलीतला. पुढं वाडा पडायले आला, कोणी घेईना, तवा यांनी अन् यांच्या नवऱ्यानं घेतला. कौलं स्वतः चढवली म्हणते."

"म्हंजे गोठ्यातली पोरगी वाड्याची मालकीण झाली!" डोमाजींनी टेबलावर थाप मारली. नीलमने सांगण्याआधीच म्हातारीला ते कळलं, तिनेही थाप मारली. कप हिंदकळले.

मग ती कोंबड्यांना पाहायला बाहेर गेली. स्वयंपाकघरात तिघंच उरले. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून डोमाजींनी बोलायला सुरुवात केली.

"नीलम, अकोल्याले जागा निघून राह्यली. धर्मेंद्र सांगे. तू अर्ज कर पोरी. वापस ये."

नीलमने कप खाली ठेवला. "बाबा, मी नाही येणार."

"काहून? इथं पाय मोडला तं पाहाले कोणी नाही."

"आता पाहलं ना एकीनं. बाबा, मले इथं कोणी धरून नाही ठेवलं. मलेच आवडते. कामावर जाते, रविवारी अशी एखादी वाट धरते. तुमी वाईट मानू नका."

"अन् आमी? फोनवर तं तू निस्ती घाईत राह्यते."

"कारण तुमी फोन उचलला का पयले एकच विचारता, कवा येते. मले उत्तर देता येत नाही, मंग मी फोन ठेवते. अन् मंग रात्रभर वाईट वाटते." तिचे डोळे भरले. पायामुळे की कशामुळे, ते डोमाजींना कळेना.

इंदूबाई केक खात होत्या. "मले मालूम होतं," त्या शांतपणे म्हणाल्या.

"तुले? कवापासून?"

"आलो त्याच दिवशी. तिनं घराले पडदे शिवले हायेत, स्वतःच्या हातानं. जाणारं माणूस पडदे शिवते का?"

डोमाजी उठून अंगणात गेले. गेर्लिंडे मेंढरं आत घेत होती. तिने काही न विचारता त्यांना फाटक धरायची खूण केली. त्यांनी धरलं. मेंढरं त्यांच्या गुडघ्यांना अंग घासत एकेक आत शिरली. एक कोकरू उलटं पळालं, त्यामागे डोमाजीही पळाले आणि त्याला काखेत घालून घेऊन आले. कोकराचं काळीज त्यांच्या हाताखाली धडधडत होतं. त्याला आईपाशी सोडून ते परत आत आले, तेव्हा नीलम दाराकडेच पाहत होती.

"पडदे चांगले हायेत," डोमाजी म्हणाले. "म्या पाह्यलेच नव्हते. दिवाळीले ये मात्र. अन् मी फोनवर विचारणार नाही आता, दुसरं काही बोलू."

"काय बोलायचं?"

"हेच. या बाईचा ट्रॅक्टर, थे पट्टे ओढणारे लोक. बोलाले काय कमी हाये?"

नीलमने हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. बर्फाची पिशवी धरून तिची बोटं गार झाली होती. गेर्लिंडेने संध्याकाळी तिघांना आपल्या गाडीतून स्टेशनवर सोडलं. इंदूबाईंनी तिला मिठी मारली, आणि मग डोमाजींनीही आपल्या मापाने अर्धी मारली.

पुढच्या रविवारी नीलमचा पाय खुर्चीवरच होता. इंदूबाई सकाळीच बूट घालून तयार. खोऱ्यातली दोन चर्चं आणि एक वाडा पाहायचा राहिला होता. डोमाजी कुरकुर न करता त्यांच्या मागे निघाले. दुपारी नीलमच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर गवत, दगडी पायरी आणि चिखलाने माखलेले दोन बूट.

"बाबा, कॅमेरा वर करा, मले तुमचे बूटच दिसून राह्यले!"

"थांब, तुही माय जिना चढून राह्यली. चर्चच्या मनोऱ्यावर जाते म्हणते. नीलम, इथून पट्टा दोन्हीकडं जाते व! डावीकडं जाऊ का उजवीकडं?"

"आई काय म्हणते?"

"थे म्हणते उजवीकडं."

"मंग उजवीकडंच जा, बाबा."

"मीबी तेच म्हणत होतो," डोमाजी म्हणाले, आणि मनोऱ्याकडे तोंड करून त्यांनी इंदूबाईंना हाक दिली.